लोकांपासून अंतर – ६ म.

सोमवार, ९ जून २०२५. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. याआधीच्या तीन रोजनिश्या आठव्या दिवशी बंद पडल्या, पण त्यात दोष वह्यांचा होता. पानं पातळ, शाई मागे उमटायची. ही वही जाड पुठ्ठ्याची आहे. ही टिकेल आणि मीही टिकेन.

उद्देश: किडनी बसवल्यापासून पंचवीस वर्षं जगणे. पावणेचार झाली. पुण्याच्या हॉस्पिटलात बावीस वर्षांवाला एक जण आहे म्हणतात. त्याला मागे टाकायचं.

मला हे अवघड नाही. जुन्नरला नगरपालिकेत एकतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर काढली. डॉक्टरांकडे फक्त त्यांचे पेशंट जातात, माझ्याकडे सगळ्यांचे कागद यायचे. मृत्यूचं कारण विचारलं की लोक सांगायचे, "अचानक गेलं वो." मी सांगायचो, अचानक हे क्रियाविशेषण आहे, कारण सांगा.

किडनीवाल्याला मरायची कारणं मुख्यतः चार. हॉस्पिटलच्या पुस्तिकेतून उतरवून घेतलीत. हृदय, जंतुसंसर्ग, कर्करोग आणि शरीरानं किडनी नाकारणं. पैकी हृदय माझं मुळात चांगलं. ऑफिसात सगळे म्हणायचे, चांगदेवराव मनाचा चांगला, तोंडाचा फटकळ. कर्करोगासाठी उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. किडनी नाकारायचा प्रश्न नाही, ती सख्ख्या थोरल्या बहिणीची, आक्काची आहे. राहिला जंतुसंसर्ग. म्हणजे शत्रू एकच.

त्याचा बंदोबस्त पहिल्या दिवसापासून केलाय. घरी सोडताना हॉस्पिटलनं दिलेला सूचनांचा कागद लॅमिनेट करून भिंतीवर लावलाय. त्यात सातव्या ओळीत हातानं लिहिलंय: लोकांपासून अंतर ठेवणे – ६ म. तेव्हा करोना होता, सरकार सगळ्यांना सहा फूट सांगत होतं. किडनीवाल्याला सहा मीटर. सरळ आहे. आपण पंचशील पाळतोच, हे सहावं.

सोमवार, ९ जून. संध्याकाळी ७.१०.

आक्काचा फोन. रोज सातला येतो, लोणीहून, गुरांचं आटपलं की. जेवलास का विचारते. मी हो म्हणतो. आज एक मिनिट चार सेकंद. फोनवरून जंतू येत नाहीत, पण लांबवू नये. काय बोलायचं असतं एवढं.

गुरुवार, १२ जून.

रखमाजी आला होता. माझ्या टेबलाचा शिपाई, आता तोही रिटायर.

बसण्याची व्यवस्था नोंदवून ठेवतो. माझी खुर्ची दारात, आतल्या बाजूला. तिथून टेपनं सहा मीटर मोजलं की ओटा संपतो, गटार संपतं, गल्ली संपते आणि समोरच्या कुशाबाच्या पिठाच्या गिरणीची पायरी येते. तिथे पांढऱ्या पेंटनं रेघ मारलीय आणि पाहुण्यांसाठी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलीय. एरवी तिच्यात दळणाला आलेल्या बाया बसतात. त्याला माझी हरकत नाही.

गिरणी चालू होती, त्यामुळे रखमाजीला ओरडावं लागलं. "भाऊसाहेब, लघवी कशी हाय?" मी दोन बोटं दाखवली. म्हणजे दोन लिटर. डबा घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी कुशाबाला विचारलं, "दोनदाच व्हय?" कुशाबानं त्यांना क्रिएटिनिन एक पॉइंट तीन असल्याचं समजावून सांगितलं. गल्लीला माझे सगळे रिपोर्ट पाठ आहेत. जनजागृती म्हणून वाईट नाही.

मध्ये दोन मोटारसायकली गेल्या, रखमाजीनं दोन्ही वेळा पाय वर घेतले. दहा मिनिटांत उठला. केसांवर पीठ पडून म्हातारा दिसत होता. पूर्वी रोज यायचा, मग आठवड्यानं, आता महिन्या-दोन महिन्यानं. माणूस नातवंडांत अडकला की असंच होतं.

शनिवार, १४ जून.

नाश्ता: बटाटेवडे, तीन. लोक म्हणतील किडनीवाल्यानं वडे? पण उकळत्या तेलात एक जंतू जिवंत राहत नाही. लोणचंसुद्धा मिठामुळे निर्जंतुक असतं. काकडी-टोमॅटो मात्र धोक्याचे. विचार करून खाल्लं की सगळं चालतं.

सकाळचं फिरणं बंदच आहे. डॉक्टर रोज चाला म्हणतात, पण शिवनेरीच्या रस्त्याला सकाळी निम्मं जुन्नर चालत असतं आणि सगळे ओळखीचे. थांबवतात. त्याऐवजी घरात फेऱ्या. आज सहा. उद्यापासून पन्नास.

शुक्रवार, २० जून.

बीपी १६८/९६. मशीन जुनं झालंय. दुसऱ्यांदा घेतलं, १७०. तिसऱ्यांदा घेतलं नाही, सेल संपतात.

फेऱ्या चार. दम लागला. घरातही मास्क घालतो म्हणून लागतो. डावा खांदा दुखतोय, पाण्याचा जार उचलला होता. जार मंगळवारी उचलला, खांदा आज दुखतोय. या वयात दुखणं पोचायला वेळ लागतो.

रविवार, २९ जून. दुपार.

आक्का न सांगता आली. लोणीहून मंचर, मंचरहून नारायणगाव, तिथून जुन्नर, तीन एसट्या बदलून. वय चौसष्ट, गुडघे धरलेले, किडनी एक.

डबा घेऊन आली होती. मी दारातून हात करून रेघ दाखवली. ती खुर्चीत बसली. गिरणी रविवारी बंद असते म्हणून ऐकू तरी येत होतं. तिनं सांगितलं कांदा चाळीत भरलाय, म्हैस आटलीय, जावयाची बदली झालीय. मग एकदम उठून चालायला लागली, सरळ माझ्याकडे. गल्ली ओलांडून गटारापर्यंत आली. मी उठून ओरडलो. म्हटलं आक्का, इन्फेक्शन!

ती थांबली. म्हणाली, "आरं, माजीच किडनी हाय ती. ती मला वळखंल. मला बघून बिघडंल व्हय?"

मी तिला शास्त्र समजावून सांगितलं. किडनी तिची असली तरी फुप्फुसं माझी आहेत, प्रतिकारशक्ती गोळ्यांनी मारलेली आहे, साध्या पडशाचासुद्धा न्यूमोनिया होऊ शकतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. डबा ओट्यावर ठेवला आणि दोनच्या गाडीनं गेली. कुशाबा त्याच्या दारात उभा होता. मला बघून आत गेला.

ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर डबा आत आणला. पिठलं आणि बाजरीची भाकरी. पिठलं पुन्हा उकळलं. खाताना डोळ्यांत पाणी आलं. मिरची जास्त घालते ती.

मंगळवार, १ जुलै.

प्रश्न पडू शकतो की एसटीत आणि हॉस्पिटलात सहा मीटरचं काय करतो. उत्तर आहे. तिथली माणसं अनोळखी असतात. अनोळखी माणूस गप्प बसतो. ओळखीचा बोलतो, बोलताना थेंब उडतात. म्हणून धोका ओळखीच्याचाच. हे पुस्तिकेत नाही, मी स्वतः काढलेलं आहे.

काल रात्री नऊच्या गोळ्या राहिल्या. टीव्हीसमोर डोळा लागला, सकाळी सहाला घेतल्या. बारा-बारा तासांनीच घ्यायच्या असतात, नाहीतर शरीर किडनीवर उठतं. पण चार वर्षांत ही फक्त नववी वेळ. टक्केवारी काढली तर दशांश चिन्हाआधी शून्य येतं.

गुरुवार, १० जुलै.

मोठी बातमी. हॉस्पिटलचा मेसेज. दहा ऑगस्टला पुण्यात त्यांच्या सभागृहात प्रत्यारोपण झालेल्या पेशंटचा आणि अवयवदात्यांचा मेळावा. "आपले अनुभव सांगावेत."

अनुभव सांगावेत याचा अर्थ स्पष्ट आहे. आदर्श रुग्ण म्हणून सत्कार असणार. माझ्याइतकी शिस्त कोणी पाळली असेल असं वाटत नाही. शाल वगैरे देतील. शाल धुऊनच वापरावी लागेल.

भाषण करणार. विषय: सहा मीटर.

शुक्रवार, २५ जुलै.

भाषणाची तालीम. दारात उभा राहून म्हणून दाखवलं, समोर कुशाबा आणि दळणाच्या तीन बाया. शेवटी मी म्हणतो, "अंतर हेच औषध." टाळ्या अपेक्षित होत्या. कुशाबा म्हणाला, "भाऊसाहेब, लई चांगलं हाय, पर आक्काबाईचं नाव कुटं आलं न्हाई त्यात."

खरं आहे. राहून गेलं. दोन मिनिटांत किती बसवणार. एक ओळ टाकायला बसलो: "माझी भगिनी आक्काबाई हिने..." पुढे सुचेना. हिने काय? दिली? भेट दिली? दान केली? तासभर बसलो. ऑफिसात एवढे शोकठराव लिहिले, कधी अडलो नाही. उद्या बघू.

बीपी घेतलं नाही. भाषणाच्या गडबडीत चुकीचं येतं.

सोमवार, ११ ऑगस्ट. पहाटे.

काल झालं ते आज लिहितो.

सभागृह भरलेलं. पेशंटना हिरवी फीत, दात्यांना गुलाबी. सगळे चिकटून चिकटून बसलेले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मी दाराबाहेर उभा राहिलो, दोन मास्क लावून. शेवटच्या रांगेपासून सहा मीटर म्हणजे लिफ्टजवळ. पहिल्या रांगेत गुलाबी फीत लावून आक्का बसलेली दिसली. नवं लुगडं. शेजारची खुर्ची तिनं कोणाला बसू दिली नाही, सारखी मागे वळून बघत होती.

आधी आमच्या डॉक्टरीणबाई बोलल्या. वयानं लहान आहेत, पण हुशार. म्हणाल्या, तुम्ही सगळे किडनीला जपता, पण आमचे कितीतरी पेशंट जातात तेव्हा त्यांची किडनी ठणठणीत चालू असते. जातात ते हृदयानं. गोळ्यांनी साखर वाढते, बीपी वाढतं, लोक बसून राहतात, तळलेलं खातात. मी बाहेरून टाळ्या वाजवल्या. किडनी शेवटपर्यंत चालते हेच तर आपलं म्हणणं.

मग माझं नाव पुकारलं. मी सांगितलं, माइक इकडे पाठवा. पाठवला. पुसून घेतला. आणि चांगलं बोललो. सहा मीटर, टेप, रेघ, गिरणी, सगळं सांगितलं. लोक वळून वळून बघत होते. अंतर हेच औषध म्हणालो तेव्हा पूर्ण शांतता होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सहा मीटर कोणी सांगितलं काका? म्हटलं, तुमच्याच कागदावर आहे. भिंतीवरून काढून पिशवीत घेतला होताच. माइकबरोबर हाताहाती पुढे गेला, वीस-पंचवीस हात लागले. त्यांनी चष्मा वर करून वाचला. मग अगदी हळू म्हणाल्या, पण माइक चालू होता.

"काका, म म्हणजे महिने हो. सहा महिने."

हशा झाला. वाईट हसले नाहीत कोणी, पण हसले. एक बाई तर खुर्चीतून घसरल्या. आक्का हसली नाही. समोर बघत बसली होती, पदर तोंडाला लावून.

मला पाचची गाडी होती म्हणून निघालो. गाडी सहाची होती, पण स्टँडवर लवकर पोचलेलं बरं. निघताना डॉक्टरीणबाई लिफ्टपर्यंत धावत आल्या. माझे पाय सुजलेत आणि चार पावलांत मला धाप लागते, हे त्यांनी दारातूनच पाहिलं होतं. गुरुवारी या म्हणाल्या, ईसीजी करू.

सोमवार, ११ ऑगस्ट. संध्याकाळी ८.

महिन्यासाठी 'महि.' लिहायचं असतं. एकट्या म वरून कोणी काय समजावं? चूक लिहिणाऱ्याची आहे.

आक्काचा फोन आला नाही. रेंज नसेल.

बुधवार, १३ ऑगस्ट.

तान्ह्या मुलाच्या मृत्यूची नोंद करताना वयाच्या रकान्यात आपण लिहितो: ६ म. किंवा ३ म. किंवा ११ म. मी स्वतः एकतीस वर्षं लिहीत होतो. मुंबईहून तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं होतं, हे म काय, तेव्हा मीच सांगितलं होतं, महिने साहेब.

मीटर हा शब्द त्या रजिस्टरात कुठेच येत नाही.

काल दिवसभर हे डोक्यात होतं. म्हणून लिहून टाकतो. ही वही कोणी वाचणार नाही.

पहिल्या दिवसापासून सहा मीटर हे खरं नाही. घरी आलो तेव्हा कागद कपाटात टाकला होता. आक्का तीन महिने इथेच होती, माझ्या पथ्याला. बायको जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, घरात दुसरं कोणी नव्हतंच. डिसेंबरात एका दुपारी आक्का माझ्या पलंगाजवळ खाली बसून मेथी निवडत होती. कुशीला खाज आली म्हणून तिनं पोलकं जरा वर केलं. वीतभर व्रण होता. अजून लाल होता. तिनं तो सहज खाजवला आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. काय बोलतात ते मला माहीत नव्हतं. अजून नाही. दुसऱ्या दिवशी कपाटातून कागद काढला आणि ती आंघोळीला गेल्यावर टेप शोधला. तिला म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय, तू आता लोणीला गेलीस तरी चालेल.

यावरून अर्थात काही सिद्ध होत नाही. अक्षर खराबच होतं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट.

ईसीजी, इको, सगळं झालं. हृदय. चांगुलपणाशी त्याचा संबंध नसतो असं कळलं. एखादी नळी बुजलेली असणार, अँजिओग्राफी करून बघावी लागेल. त्यात शिरेतून औषध सोडतात, ते किडनीला बाधू शकतं, म्हणून आधी दाखल करून सलाइन लावणार. नऊ सप्टेंबर, सकाळी आठला. टाळू नका, डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या. सोबत एक माणूस लागेलच, सही करायला आणि रात्री थांबायला.

मी घाबरलेलो नाही. वडे बंद केले. फेऱ्या बंद केल्या, डॉक्टरांनीच सांगितलंय. मास्क काढून घरात बसलो. दम तेवढाच लागतो.

संध्याकाळी गल्ली ओलांडून गिरणीच्या पायरीवर जाऊन बसलो, पाहुण्यांच्या खुर्चीत. कुशाबानं चहा सांगितला. तिथून माझं घर बघितलं. दारात खुर्ची आणि मागे अंधार. एवढंच दिसतं.

शनिवार, ३० ऑगस्ट.

ठरलं. उद्या ऑपरेशनला चार वर्षं होतात. लोणीला जाणार. आक्काला दोन वाक्यं बोलायची. लिहून काढली, पाठ केली.

एक: आक्का, तू एवढं दिलंस आणि मी तोंड लपवून बसलो, माझं चुकलं.
दोन: नऊ तारखेला माझ्यासोबत ये, मला भीती वाटते.

दुसरं वाक्य अजून छोटं करता येईल. पण राहू दे.

रविवार, ३१ ऑगस्ट. लोणीहून परत, संध्याकाळ.

आक्का चाळीत कांदा निवडत होती. मला बघून उठली नाही. शेजारी एक रिकामं पोतं टाकलं. मी बसलो. किती जवळ, मोजलं नाही. हात लागत होता.

दोघांनी मिळून कांदा निवडला. सडका एकीकडे, चांगला एकीकडे. तास गेला असेल. मी पहिलं वाक्य मनात म्हणत होतो. तेवढ्यात तीच बोलली, हातातल्या कांद्याकडे बघत. "मला वाटलं व्हतं, तुला माजी किडनी सोसंना. म्हनून माजी सावली बी नको झाली तुला. घरात कुनाला बोलले न्हाई मी."

चार वर्षं तिला असं वाटत होतं.

मी "नाही गं" म्हणालो. दोन शब्द. पाठ केलेलं सगळं तसंच राहिलं. कांद्यानं डोळ्यांना पाणी आलं. कांदा चिरताना येतं, निवडताना येत नाही, पण आलं.

मग जेवलो. तिनं एकाच ताटात वाढलं. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या घास चावण्याचा आवाज ऐकला. भाकरी दीड खाल्ली, फार बरं वाटलं. तिथेच आडवं व्हावंसं वाटलं.

तिनं विचारलं, पाय का सुजल्यात. मी सांगितलं, साधी तपासणी आहे नऊला. ती लगेच म्हणाली, "संगं कोन हाय? मी येती की. चार दिस म्हशीचं बघतील पोरं."

मी म्हणालो, रखमाजी येतोय, सगळं ठरलंय.

का म्हणालो माहीत नाही. तिचे गुडघे दुखतात. तीन एसट्या. एकदा एवढं तिच्याकडून घेतलं, आणखी किती घ्यायचं. कारणं बरीच आहेत. तिनं माझ्याकडे बघितलं, मग "बरं" म्हणाली. मुक्कामाला राहा म्हणाली. म्हटलं, रात्रीच्या गोळ्या घरी आहेत. गोळ्या शर्टाच्या खिशात होत्या.

गुरुवार, ४ सप्टेंबर.

आता रखमाजीला विचारणं भाग होतं. त्याच्या घरी गेलो. दारात बघून तो गडबडला. आत बोलावलं, खुर्ची दिली आणि स्वतःची खुर्ची उचलून पार भिंतीला नेऊन टेकवली. म्हणाला, "तुमाला बाधायला नको, भाऊसाहेब. सर्दी हाय मला जराशी." म्हटलं, तो नियम आता नाही, तो महिन्यांचा होता. तो "बरं बरं" म्हणाला, पण खुर्ची तिथेच राहिली.

चहा झाला. मटार सोलत होता. माणूस कामात दिसला. नऊ तारखेचं काढलं नाही. निघताना म्हणाला, काय लागलं तर हाक मारा. मी म्हटलं, नक्की.

अजून पाच दिवस आहेत. पाच दिवस पुष्कळ झाले.

सोमवार, ८ सप्टेंबर.

कुशाबाला विचारणार होतो. गिरणीचा पट्टा तुटलाय, तो त्यातच होता.

आक्काचा फोन सातला. तिनं विचारलं, रखमाजी पहाटे घरी येनार का स्टँडवर? म्हटलं, स्टँडवर. फोन चार मिनिटं चालला. ती म्हैस, पाऊस, जावई सगळं सांगत होती. मी ऐकत होतो. ठेवायच्या आधी तिनं विचारलं, आणखी काय? मी म्हटलं, काही नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर. रात्री.

पहाटेची पहिली गाडी. पावणेआठला हॉस्पिटलात. काउंटरवर विचारलं, सोबत कोण? म्हटलं, येतायत, गाडी लावतायत. बसा म्हणाले.

साडेनऊला पुन्हा विचारलं. म्हटलं, पार्किंगला जागा मिळत नसेल. पावणेअकराला एक सिस्टर येऊन शेजारी बसली. तिनं नीट विचारलं, काका, खरंच कोणी येतंय का? घरी कोणी नाही का? मी म्हटलं, आहेत की, भरपूर आहेत. इन्फेक्शन नको म्हणून आणलं नाही.

डॉक्टरीणबाई ऑपरेशनमध्ये होत्या. सोबत माणूस नसताना दाखल करता येत नाही, नियम आहे. मंगळवार, सोळाची तारीख दिली. तोवर छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी दिली आणि एकटं राहू नका असं सांगितलं.

स्टँडवर बाकावर बसून फोन काढला. यादीत आक्काचं नाव सगळ्यात वर आहे, 'आ' वरून. नावावर बोट ठेवलं. मग विचार केला, दुपारी ती पडलेली असते, झोपमोड होईल. तेवढ्यात जुन्नर गाडी लागलीच.

गर्दी नव्हती. खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारची सीट रिकामी होती. तिच्यावर पिशवी ठेवली.